रतनगड चढण्याआधी: शिडीपासून उलटा हिशोब

रतनगडाला निघणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "चढायला किती वेळ लागतो?" उत्तर मिळतं, "तीन तास." मग त्याच तीन तासांवर अख्खा दिवस आखला जातो. मुंबई-पुण्याहून पहाटे निघायचं, वाटेत चहा-नाश्ता, अकराच्या सुमारास पायथ्याची रतनवाडी, आणि भर उन्हात चढाई सुरू. दुपारी दोनला माथ्यावर नेणाऱ्या लोखंडी शिडीच्या तळाशी पोहोचावं तर वरून उतरणारे चाळीस जण आणि खालून चढणारे तेवढेच, सगळे त्या एका शिडीपाशी अडकलेले. गड धड बघून होत नाही आणि उतरताना जंगलातच अंधार गाठतो. मोबाईलच्या उजेडात दगड चाचपत खाली येणारे असे गट मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांच्यात लहान मुलं असतात, गुडघ्याला पट्टा बांधलेले काका-काकू असतात. त्या सगळ्यांची तब्येत ठणठणीत होती. चुकला होता तो हिशोब.

म्हणून हा लेख चढाईच्या वेळेपासून सुरू होत नाही, शिडीपासून होतो. खाली सांगितलेली वाट रतनवाडीची आहे. साम्रद गावाच्या बाजूचं शेवटी थोडक्यात सांगितलं आहे.

१. आधी महिना ठरवा, मग तारीख

रतनगड अकोले तालुक्यात, प्रवरा नदीच्या उगमाशी उभा आहे. एका अंगाला भंडारदऱ्याचा जलाशय, दुसऱ्या अंगाला कोकणात कोसळणारे कडे आणि साम्रदजवळची सांदण दरी. उंची साधारण ४२५५ फूट. ही भौगोलिक जागा ध्यानात घेतली की पावसाचं गणित कळतं. प्रवरेच्या पाणलोटात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो घाटघर आणि रतनवाडी याच गावांत. पुण्यात भुरभुर असली म्हणून इथेही भुरभुर असेल असं समजू नका.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. सप्टेंबरच्या शेवटी माथा सोनकीने पिवळा होतो, ते पाहण्यासारखं असतं, पण तेव्हा शिडी आणि कातळ ओले असतात आणि ओढ्यांना पाणी असतं. ज्यांनी सह्याद्रीत पाच-सहा ओले गड केले आहेत त्यांनीच त्या वेळी जावं. जुलै-ऑगस्टमध्ये नवख्यांनी अमृतेश्वराचं देऊळ आणि धबधबे पाहावेत, गड सोडून द्यावा. मार्च ते मे या काळात ऊन इतकं तापतं की शिडीचं लोखंड हाताला चटके देतं आणि वरची टाकी आटत जातात.

मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी भंडारदऱ्याला प्रचंड गर्दी असते. त्या शनिवार-रविवारी गडाचा बेत करू नका, अर्धी रात्र रस्त्यावरच जाईल.

शक्य असेल तर मधला वार निवडा. शनिवार-रविवारी शिडीवर जो वेळ जातो तो तुमच्या चालण्यावर नाही, दुसऱ्यांच्या चालण्यावर ठरतो.

२. दिवस उलटा मोजा

हा टप्पा कागदावर करा, गटातल्या प्रत्येकाला दाखवा. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण रतनवाडीच्या जंगलात झाडोरा दाट आहे आणि बाजूला डोंगर उभे आहेत. तिथे साडेपाचलाच पायाखालचा दगड नीट दिसेनासा होतो. तिथून मागे मागे या:

दुपारी ४ वाजता गावात परत यायचं आहे. म्हणजे दीड तास हाताशी राखून ठेवला. कुणाचा पाय मुरगळला तर तो दीड तास कामाला येतो.

शिडीच्या तळापासून गावापर्यंत उतरायला दोन तास. म्हणजे दोनला शिडीखाली.

शिड्या उतरायला, रांग धरून, पाऊण ते एक तास. म्हणजे एकला वरच्या दरवाज्याशी.

माथा नीट फिरायला अडीच तास. म्हणजे साडेदहाला माथ्यावर.

शिड्या चढायला पाऊण तास. म्हणजे पावणेदहाला शिडीखाली.

गावातून शिडीपर्यंत अडीच ते तीन तास. म्हणजे पावणेसात ही गाव सोडायची शेवटची वेळ. साडेसहाला निघालात तर श्वास घ्यायला जागा राहते.

हा हिशोब मांडला की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते: मुंबई किंवा पुण्याहून त्याच दिवशी निघून हे जमत नाही. आदल्या रात्री रतनवाडीत मुक्काम हवाच. मुक्कामाचे पैसे वाचवायला म्हणून रात्रभर गाडी चालवून, न झोपता थेट चढायला लागणारे लोक सकाळी दहापर्यंत बरे दिसतात. त्यांची खरी परीक्षा दुपारी उतरणीवर होते, जेव्हा मांड्या थरथरतात आणि लक्ष उडतं. चालकाने तर जागरण करून गड करूच नये, कारण त्याला परतीची गाडीही चालवायची असते.

तपासून घ्या: "साडेअकराला शिडीखाली पोहोचलो नाही तर तिथूनच परत फिरायचं" हे सगळ्यांनी आदल्या रात्री मान्य केलं आहे का? हे वर गेल्यावर ठरवायला बसलात तर कुणीच परत फिरत नाही.

३. पिशवी भरणं

माणशी ३ लिटर पाणी. दोन लिटर पुरेल असं वाटतं, पुरत नाही. वरच्या टाक्यांपैकी काहींचं पाणी पिण्याजोगं असतं, पण ते ऋतूवर आणि आधीच्या लोकांनी टाक्याशी काय केलं त्यावर अवलंबून. टाक्याच्या पाण्याच्या भरवशावर चढू नका. प्यायची वेळ आलीच तर गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून मग प्या.

बूट कडक नव्हे, पकड असलेले आणि घरात निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून आलेल्या माणसाच्या टाचेला जंगलातल्या कात्राबाईच्या फाट्यापर्यंत (तो सहाव्या टप्प्यात येईल) फोड येतो. सपाट तळव्याचे जॉगिंगचे बूट इथल्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, धरत नाहीत.

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पूर्ण लांबीची पॅंट. वाटेत कारवी आणि काटेरी झुडपं दोन्ही बाजूंनी अंगाला घासतात. टोपी. डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे एक, गटात एक नव्हे. मोबाईलची विजेरी हात अडकवते आणि बॅटरी खाते. शिट्टी. ओआरएसची दोन पाकिटं. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, दशम्या किंवा पराठे. चिप्सची पाकिटं नकोत, त्यांनी तहान वाढते आणि रिकामी पाकिटं गडावर उडत राहतात.

प्रथमोपचारात क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, रोजची औषधं आणि ज्यांना मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे त्यांचं डॉक्टरांनी दिलेलं औषध.

आता पिशवीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ती दोन्ही खांद्यांवर बसणारी हवी, आणि तिच्या बाहेर काहीही लोंबता कामा नये. बाटली नाही, चटई नाही, पट्ट्याचं टोक नाही. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

सावधान: अत्तर, बॉडी स्प्रे, उग्र वासाचं तेल लावून येऊ नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळ असतात. त्या वासाने, धुराने आणि आरडाओरड्याने उठतात.

४. आदली संध्याकाळ

मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी, बारी करत शेंडी गाव. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी. शेंडीहून जलाशयाला वळसा घालून डांबरी रस्ता रतनवाडीला जातो. शेंडीहून होडीनेही पलीकडे जाता येतं, पण होडी पाण्याच्या पातळीवर आणि माणसं जमण्यावर अवलंबून असते. सकाळी लवकर चढायचं असेल तर आदल्या दिवशीच पाणी ओलांडून मोकळे व्हा.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून शुल्काची पावती घ्या आणि जपून ठेवा. तिथेच दोन प्रश्न विचारा: सध्या वाट खुली आहे का, आणि गडावरच्या गुहेत रात्री राहायला परवानगी आहे का. हे नियम ऋतूप्रमाणे बदलतात, मागच्या वर्षी मित्र राहिला होता हे उत्तर नाही.

रतनवाडीत अनेक घरांत राहण्या-जेवण्याची सोय होते. अंधार पडायच्या आत पोहोचा आणि चार कामं करा.

पहिलं, अमृतेश्वराच्या देवळाजवळून गडाची वाट कुठून निघते ती उजेडात चालून पाहून ठेवा, दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पहाटेच्या अंधारात पहिलाच फाटा चुकणारे गट मी पाहिले आहेत. देवळाचं कोरीवकाम आणि जवळची पुष्करणीही याच वेळी निवांत पाहून घ्या, दुसऱ्या दिवशी परत आल्यावर कुणात ते बघायचा जोर उरत नाही.

दुसरं, वाटाड्या ठरवा. पहिल्यांदा जात असाल तर हा पर्याय नाही, गरज आहे. गावातली पोरं या वाटांवर गुरं राखत मोठी झाली आहेत. कुठला दगड हलतो, कुठल्या कड्याला यंदा मोहोळ आहे, हे त्यांनाच माहीत. पैसे आधी ठरवा, आणि त्यांचं दुपारचं जेवण तुमच्यासोबत धरा.

तिसरं, मुक्कामाच्या घरी एक कागद द्या: किती जण, नावं, कुठल्या वाटेने, किती वाजता परत. इथे मोबाईलची रेंज भरवशाची नाही. घरच्या मावशींना सांगून ठेवा, "सहापर्यंत आलो नाही तर माणसं पाठवा." त्या एका वाक्याने शोध दोन-तीन तास आधी सुरू होतो.

चौथं, सकाळच्या पोह्यांची वेळ सांगा. सहाला ताट समोर हवं असेल तर मावशींना पाचला चूल पेटवावी लागते. हे आदल्या रात्रीच बोला.

५. नदीचं पात्र आणि जंगल

गाव सोडल्यावर वाट प्रवरेच्या काठाने जाते आणि पात्र पुन्हा पुन्हा ओलांडते. उगमाजवळची प्रवरा म्हणजे हिवाळ्यात दगडधोंड्यांतून झिरपणारा ओढा. तिचं खरं रूप दगडांच्या आकारावरून ओळखा: माणसाच्या कमरेएवढे गोटे पाण्यानेच तिथवर आणून टाकलेले आहेत.

पात्रात पाणी असेल तर क्रम असा ठेवा. आधी थांबा, पाणी गढूळ आहे का पाहा. गढूळ आणि वाढतं पाणी असेल तर ओलांडू नका, ते वर पाऊस झाल्याचं लक्षण आहे. पाणी स्वच्छ आणि गुडघ्याच्या खाली असेल तर बूट न काढता, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवत, एकेक पाऊल. पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती पटकन काढून टाकता येते. शेवाळलेल्या दगडावर उडी मारू नका. बुटांत पाणी गेलं तर मोजे पिळून पुढे जाता येतं, कोपर फुटलं तर दिवस संपतो.

सावधान: सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी तसाच असेल असं नाही. माथ्याकडे काळे ढग दिसले तर वर न थांबता परत फिरा.

जंगलात शिरल्यावर चढ अंगावर येतो. इथे पहिल्या तासात जोर लावणारे लोक शिडीवर हात थरथरवतात. बोलत बोलत चालता येईल एवढाच वेग ठेवा. बोलताना धाप लागली की वेग जास्त आहे. दर तासाला पाच मिनिटं उभ्यानेच थांबा, दोन घोट पाणी, एक तुकडा चिक्की. पंधरा-वीस मिनिटं बसलात तर अंग थंड पडतं आणि पुन्हा लय लागत नाही.

हात ठेवण्याआधी झुडूप पाहा. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिरवा चापडा हा विषारी साप पानांच्या रंगातच मिसळून फांदीवर बसलेला असतो. तो आपण होऊन अंगावर येत नाही, आपण त्याला धरतो. दंश झालाच तर चिरू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. माणसाला शांत बसवा, अंगठी-घड्याळ काढा, दंशाचा हातपाय हलवू देऊ नका, आणि उचलून खाली आणायची तयारी करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. रेंज नसेल तर दोघांनी मिळून गावाकडे जावं, एकट्याने कधीही नाही.

६. कात्राबाईचा फाटा

चुकण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. दाट झाडीत वाट फुटते. एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने जाते, दुसरी रतनगडाच्या शिडीकडे. दोन्ही वाटा मळलेल्या आहेत, म्हणून फसगत होते. पायवाट रुंद आहे म्हणजे आपण बरोबर आहोत, असं माणूस समजतो.

एकदा आमच्यातला सगळ्यात पुढचा, चांगला चालणारा गडी असाच तंद्रीत सरळ निघून गेला. आम्ही फाट्यावर पोहोचलो तेव्हा तो दिसेना. हाका झाडीत विरत होत्या. शेवटी शिट्टी वाजवली, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. बऱ्याच वेळाने खूप लांबून उलट शिट्टी आली. तो परत येईपर्यंत तास गेला आणि आम्हाला त्या दिवशी माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, सोडून द्यावं लागलं. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे: प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, सगळ्यात मागचा दिसल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही.

तपासून घ्या: फाट्यावर डोकी मोजा. दगडांवरच्या बाणाच्या खुणा पाहा, पण त्या दोन्ही वाटांवर असू शकतात, म्हणून बाण कुठल्या ठिकाणाचा आहे तेही पाहा. वीस मिनिटं चालूनही चढ लागत नसेल आणि वाट आडवीच जात असेल तर शंका घ्या आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. अंदाजाने झाडीतून आडवं घुसू नका.

७. शिड्या

झाडी संपते आणि कातळ समोर येतो. इथून पुढे दिवसाचं भवितव्य ठरतं, म्हणून शिडीला हात लावण्याआधी दहा मिनिटं खर्च करा.

तळाशीच, सपाट जागी, सगळ्यांना बसवा. पाणी प्या. काठ्या दुमडून पिशवीत आत टाका, बाजूला अडकवू नका. कॅमेरा, गळ्यातली ओढणी, मफलर आत. बुटांची नाडी आवळून टोकं आत खोचा. हाताला घाम येत असेल तर पुसा. मोजे घातलेल्या हाताने शिडी धरू नका, लोकर लोखंडावर घसरते.

एका ताईंचं सांगतो. त्या शिडीच्या मध्यावर होत्या, चढण उत्तम चालली होती. पाठीवरच्या पिशवीचा लोंबता पट्टा कडेच्या नटात अडकला. त्यांना वाटलं मागून कुणी ओढतंय. त्यांनी दचकून एक हात सोडला आणि मागे वळल्या. मी खालून पाहत होतो: डाव्या हाताची बोटं दांड्यावर पांढरी पडलेली, उजवा पाय हवेत, आणि तो दोन बोटं रुंदीचा पट्टा ताणलेला. वरच्या वाटाड्याने शांतपणे सांगितलं, "ताई, आधी पाय ठेवा. हात नंतर." त्यांनी पाय टेकवला, एक दांडी खाली आल्या, पट्टा आपोआप सुटला. सगळं मिळून दहा सेकंद. पण तेव्हापासून मी प्रत्येकाच्या पिशवीभोवती हात फिरवल्याशिवाय शिडी चढू देत नाही.

शिडीचा क्रम:

- एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. वरचा शिडी सोडून आत गेला, त्याने "या" म्हटलं, मगच खालच्याने सुरुवात करायची.
- दोन हात, दोन पाय, या चारांपैकी तीन कायम टेकलेले. एक हलला की बाकी तीन स्थिर.
- दांडीवर बुटाचा पुढचा तिसरा भाग नको, मधला भाग ठेवा.
- दांडी किंवा कठडा हलतो का ते वजन टाकण्याआधी हाताने ओढून पाहा. शिड्या उन्हापावसात उभ्या असतात, जोड सैल होतात.
- दोन शिड्यांच्या मधल्या कातळावर घाई नको. बहुतेक जण शिडीवर सांभाळतात आणि मधल्या पायऱ्यांवर घसरतात, कारण शिडी संपली की अवघड संपलं असं वाटतं.
- खाली उभ्या असलेल्यांनी शिडीच्या सरळ रेषेतून बाजूला व्हावं. वरून दगड आला तर तो त्याच रेषेत येतो. दगड सुटला की ओरडायचं, "दगड!", आणि खालच्याने वर न पाहता कातळाला चिकटायचं.

लहान मुलाला शिडीवर नेताना मोठा माणूस त्याच्या मागे, दोन्ही हात मुलाच्या दोन्ही बाजूंनी कठड्यावर, असा एकत्र चढतो. इथे "एका वेळी एक" या नियमाला अपवाद करा. मुलाला कडेवर किंवा पाठुंगळी घेऊन शिडी चढू नका.

ज्यांना उंचीची खरोखर भीती वाटते त्यांना "काही होत नाही, चल" म्हणून वर रेटू नका. चढताना समोर कातळ असतो, उतरताना पायाखाली दरी दिसते. वर गेलेला माणूस उतरताना गारठतो आणि त्याच्यामागे पन्नास जण अडकतात. त्यांना कुणातरी सोबत तळाशी सावलीत बसवणं हाच त्यांचा मान आहे.

सावधान: ढग गडगडत असतील तर शिडीवर पाऊल ठेवू नका. ऑक्टोबरच्या दुपारी परतीचा पाऊस अचानक येतो आणि लोखंडी शिडी, नेढं, बुरुज या तिन्ही जागा विजेला उघड्या आहेत.

८. माथ्यावर काय आधी, काय नंतर

शिड्या चढून गणेश दरवाज्यातून आत आलात की घड्याळ पाहा. साडेदहाच्या आत असाल तर पूर्ण फेरी, साडेअकरा वाजले असतील तर अर्धी. खाली उतरायची एकची वेळ बदलत नाही.

चूक होते ती अशी: लोक रत्नादेवीच्या गुहेपाशी पोहोचतात, सावली मिळते, डबे उघडतात, आडवे होतात. तास जातो. मग नेढं राहिलं म्हणून धावत निघतात. जेवण नंतर, फेरी आधी. गुहेत देवीला हात जोडा, पाणी प्या, निघा. शेजारची मोठी गुहा लक्षात ठेवा, अचानक पाऊस आला तर आसरा तीच.

तिथून हनुमान दरवाजा. त्यावरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उजेडात उठून दिसतात, दुपारी सपाट होतात. मग राणीचा हुडा, हा गोल बुरुज लांबूनही ओळखू येतो. बुरुजाच्या मोडक्या भिंतीवर चढून फोटो काढू नका, चिरे सुटे आहेत.

पुढे टाकी आणि कोकण दरवाजा. कड्याच्या काठावर जायचं तर दोन गोष्टी: काठापासून आपल्या उंचीएवढं अंतर ठेवून बसा, आणि सरकत पुढे व्हा. उभ्याने काठावर जायचं नाही. गवत वाळलेलं असतं, त्याखालची माती काठाच्या पुढे आलेली असते, आणि वारा झटक्याने येतो. डोळ्यांसमोर अलंग, मदन, कुलंग हे गड, लांब कळसूबाई आणि खाली कोकणाकडे तुटलेल्या दऱ्या उभ्या राहतात. सांदणची चीर इथून एका अरुंद काळ्या रेघेसारखी दिसते. बसून पाहिलं तर ते सगळं जास्त वेळ पाहता येतं.

टाक्यात पाय बुडवू नका, हात धुऊ नका, बाटली बुडवताना बाहेरचा तळ आधी पुसा. उन्हाळ्यात गुराखी आणि वाटसरू तेच पाणी पितात.

सगळ्यात शेवटी नेढं. कातळाला आरपार पडलेलं हे भोक गडाच्या सगळ्यात उंच भागात आहे. शेवटचे काही फूट हाताने धरून चढावं लागतं. वारा आत एकवटतो आणि टोपी, चष्मा, मोबाईल सहज उडवून नेतो. एका वेळी चार-पाच जणांनीच आत बसावं. पलीकडच्या तोंडाशी जाऊ नका, तिकडे सरळ उतार आहे. उतरताना तोंड कातळाकडे ठेवा.

जेवण आता, नेढ्याखाली किंवा परतताना गुहेशी. माकडं पिशवीची चेन उघडतात, म्हणून डबा उघडण्याआधी बाकी पिशव्या मध्ये घेऊन गोल बसा. त्यांना काही देऊ नका.

आग्या मोहोळ उठलंच तर झटकू नका, हातवारे करू नका. डोकं, तोंड, मान कपड्याने झाका आणि मोहोळापासून दूर, मोकळ्या पण सुरक्षित वाटेने निघून जा. कड्याच्या बाजूला पळू नका. मोठा धोका माशीपेक्षा पळताना दिसेनासा होणारा काठ आहे.

तपासून घ्या: एक वाजता गणेश दरवाज्याशी डोकी मोजली का? प्रत्येकाकडे निदान पाऊण लिटर पाणी उरलं आहे का? नसेल तर आत्ताच वाटून घ्या.

९. उतरणं

शिडी उतरताना तोंड शिडीकडेच. जिना उतरल्यासारखं दरीकडे तोंड करून उतरणारा माणूस हमखास दिसतो. त्याला थांबवा, वळवा. पहिली दांडी सापडत नसेल तर खालच्याने फक्त शब्दांनी सांगावं, "अजून थोडं खाली, डावीकडे." पाय धरून ओढू नये.

शिडीनंतर घसारा. इथे टाचेवर वजन टाकू नका, गुडघे थोडे वाकवून लहान पावलं टाका, आणि दोघांमध्ये निदान दहा पावलं अंतर ठेवा. गुडघ्याचा पट्टा चढताना नाही तर इथे बांधायचा. पुढे अनुभवी, मागे अनुभवी, मध्ये बाकीचे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे गट त्याच्या वेगाने चालतो आणि तो एकटा मागे पडत नाही.

कात्राबाईच्या फाट्यावर पुन्हा मोजणी. उतरतानाही तिथे चुकतं, कारण दोन्ही वाटा एकत्र येतात आणि माणूस खाली पाहत चाललेला असतो.

१०. साम्रदला उतरायचं असेल तर

नेढ्यापुढे त्र्यंबक दरवाजा आहे. तिथून कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांनी उतरून, खुट्टा नावाच्या सुळक्याला वळसा घालून वाट साम्रदकडे जाते. शिडीची गर्दी टळते म्हणून लोक ही वाट ऐन वेळी निवडतात. तसं करू नका. पायऱ्या उंच आणि काही जागी झिजलेल्या आहेत, आडव्या वाटेवर गवत वाढतं, आणि खाली साम्रदला तुमची गाडी नसते. ही वाट आधीच ठरवलेली असेल, वाटाड्या सोबत असेल आणि गाडी तिकडे आणून ठेवली असेल तरच.

त्याच दिवशी सांदणही करू असा बेत तर मुळीच नको. सांदण ही अरुंद घळ आहे, आत शिरल्यावर बाजूला पळायला जागा नाही, आणि लांबवर पडलेल्या पावसाचं पाणी तिथे न सांगता येतं. थकलेल्या पायांनी तिथल्या दगडांवर जाऊ नये. सांदणला वेगळा दिवस, वेगळी तयारी, आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

११. गावात परतल्यावर

बसायच्या आधी शेवटची मोजणी. मग बूट-मोजे काढून पाय, घोटे, गुडघ्यामागची जागा पाहा, गोचीड चिकटलेला असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. कचऱ्याची पिशवी गावात टाकू नका, गाडीत ठेवून शहरात न्या, इथे ती उचलायला कुणी येत नाही. चालकाने निदान तासभर आडवं व्हावं, मगच गाडीला किल्ली लावावी.

आणि ज्या घरी नावांचा कागद दिला होता तिथे स्वतः जाऊन सांगा, "मावशी, सगळे आलो." सांगायचं राहिलं तर सहा वाजता गावातली चार माणसं विजेऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला जंगलात निघालेली असतात.